आईच्या गाडीचं इंजिन

कर्जतच्या बाजारात परवा एक बाई भांबुर्डीचा पाला विकायला बसली होती. बांधावर फुकट उगवणारं हे तण. लहानपणी ते उपटताना आम्ही शिंकून शिंकून बेजार व्हायचो. आता त्याच्या जुड्या बांधून, वर पाणी मारून, वालाच्या शेंगांशेजारी मांडून ठेवल्या होत्या. शनिवारी कळंबकडचे रिसॉर्टवाले येतात आणि पोत्यानं नेतात म्हणे. मी भाव न विचारताच एक जुडी उचलली, नाकाशी नेली आणि तिथंच रडायला लागले. भर बाजारात, सकाळच्या वेळी, पन्नाशी उलटलेली शाळेतली चित्रकलेची बाई. पालेवाली घाबरली. "काय झालं गं ताय? डोळ्यात काय गेलं काय?" मी हो म्हटलं. आयतं कारण मिळालं की घ्यावं.

पोपटीचे दिवस हा काही कॅलेंडरात छापलेला ऋतू नाही. भात घरात आलेलं असतं, खाचरात उरलेल्या ओलीवर वाल धरलेला असतो, संक्रांतीच्या आगेमागे शेंगा भरतात आणि संध्याकाळी शेताशेतांतून धूर निघायला लागतो. मडक्याला आतून भांबुर्डीचा पाला लावायचा. त्यात शेंगा, बटाटे, अंडी, ओवा आणि जाडं मीठ. तोंडाशी पुन्हा पाला कोंबून मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या रचून पेटवून द्यायचं. आत पाण्याचा थेंब घालायचा नाही. शिजलं की नाही हे उघडून बघता येत नाही, म्हणून तापलेल्या मडक्यावर बोटांनी पाणी शिंपडायचं. चुर्र झालं आणि पाणी जागच्या जागी उडालं की पोपटी झाली. आमच्याकडे हे शिंपडण्याचं काम फक्त आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. आम्ही भुकेनं कासावीस होऊन भोवती नाचायचो आणि ते तांब्या हातात घेऊन शांतपणे म्हणायचे, "थांबा रं, अजून बोलत नाय ती."

आबांशी मडकं बोलायचं आणि इंजिनही बोलायचं. कुंभिवलीला हायवेच्या कडेला त्यांचं गॅरेज होतं. आता ते माझा धाकटा भाऊ प्रकाश चालवतो. घर तिथून जवळच, नदीवरच्या पुलाच्या अलीकडच्या गावात. आबांनी ट्रक दुरुस्त केले, टेंपो केले, पण त्यांचा जीव होता तो एका लाल, बुटक्या, दोनच सीटांच्या विलायती गाडीत. ती मुळात शर्यतीतल्या गाड्यांच्या जातीची. खंडाळ्याच्या एका बंगल्यात ती वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली पडून होती, उंदरांनी तिच्या गाद्यांत संसार थाटले होते. बंगला विकला तेव्हा तिथला शेठ आबांना म्हणाला, घेऊन जा, जागा तरी मोकळी होईल. आबांनी ती टेंपोला बांधून घाट उतरवली. आई दारात उभी होती. तिनं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "ह्यात बसायचं का झोपायचं?"

आई नर्स होती. खालापूरच्या आसपासच्या गावांतली कितीतरी पोरं तिच्या हातांवर जगात आली. कुठल्या वेळी कुठून बोलावणं येईल याचा नेम नसायचा आणि तेव्हा रिक्षा मिळायची मारामार. आबांनी गाडी सुरू केली आणि ती तिलाच चालवायला शिकवली. पांढऱ्या साडीतली नर्सबाई लाल स्पोर्ट्स कारमधून बाळंतपणाला येते, हे आमच्या भागातल्या लोकांनी आधी डोळे फाडून पाहिलं आणि मग त्याची त्यांना सवय झाली. शेजारच्या सीटवर किती अडलेल्या बायका दवाखान्यात गेल्या. गाडी इतकी खाली की आत बसलेल्या बाईला बाहेर काढायला दोघी लागायच्या. शेवटी आबांनी तिच्याखाली जीपचे स्प्रिंगचे पाटे घालून तिला उंच केलं. मग वरचं कापडी टप फाटलं तेव्हा ताडपत्रीचं शिवलं. सीटा गेल्या तेव्हा दुसऱ्या कुठल्यातरी गाडीच्या बसवल्या. दिवे ट्रॅक्टरचे, आरसे मोटारसायकलचे, रंग तर प्रत्येक वेळी निराळा लाल. तिच्या देशातून कुणी आलं असतं तर त्यानं तिला ओळखलं नसतं. विलायती म्हणावं असं तिच्यात एक इंजिन तेवढं उरलं होतं. त्याला मात्र आबा कुणाला हात लावू देत नसत.

आमच्या संध्याकाळींना त्या इंजिनाचा आवाज होता. पुलावर चढ आहे, तिथं आई गिअर बदलायची आणि तो आवाज पाण्यावरून घरापर्यंत यायचा. ओट्यावर बसलेले आबा मान वर करून म्हणायचे, "आली." एवढंच. की मी ताटं घ्यायची आणि प्रकाशनं पाट मांडायचे. आईला कितीही उशीर होवो, आबा तिच्याशिवाय जेवत नसत. गाडी अंगणात लागली की ते बॉनेट उघडायचे आणि पोपटीच्या मडक्यावर शिंपडावं तसं इंजिनावर बोटांनी पाणी शिंपडायचे. चुर्र किती जोरात होतं यावरून ते म्हणायचे, "आज लांब गेलीवतीस." किंवा, "जवळच हुतीस की गं, मग उशीर का?" आई म्हणायची, नवऱ्याला जाब द्यावा लागतो हे माहीत होतं, इंजिनालासुद्धा द्यावा लागतो हे नव्हतं माहीत. आम्हाला मात्र ताकीद होती. शिंपडायचं, ओतायचं नाही. तापलेल्या लोखंडावर गार पाणी ओतलं की ते तडकतं. गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला आबा हे सांगायचे. घाटात गाडी उकळली की घाईघाईनं पाणी ओतून इंजिनाची वाट लावणारे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते.

आईला एकदा माथेरान बघायचं होतं. घरातून रोज तो डोंगर दिसायचा. आबा टाळत राहिले, कारण जिथं गाडीला वर सोडत नाहीत तिथं जायचं कशाला, हा त्यांचा प्रश्न होता. शेवटी गेले. आई घोड्यावर बसली आणि आबा शेजारून चालत, दर थोड्या वेळानं मागं वळून, खाली लावलेल्या गाडीची काळजी करत होते. आई ही गोष्ट सांगताना हसून हसून पदर डोळ्यांना लावायची. घोड्याला साधा हॉर्नसुद्धा नव्हता, असं तेव्हा आबा गंभीरपणे म्हणायचे.

आई गेली. आजारपण थोडकंच झालं. आबांनी सगळं नीट केलं, दहावं-तेरावं केलं, कुणासमोर रडले नाहीत. आणि मग हळूहळू ते विसरायला लागले. आधी पान्यांचे नंबर, मग माणसांची नावं, मग मी. मी कर्जतहून जायचे तेव्हा ते मला "बसा बाई" म्हणायचे. त्याचं दुःख होतं, पण ते गिळता येत होतं. गिळता आलं नाही ते दुसरंच. आई गेली आहे, हेही ते विसरले. संध्याकाळ झाली की ओट्यावर येऊन बसायचे आणि पुलाकडे कान लावायचे. ताट वाढलं तर हात लावायचे नाहीत. "येऊ दे तिला." प्रकाशची बायको मंदा, तिनं एकदा धीर करून सांगितलं, आबा, आई गेल्या हो. आबांनी ते पहिल्यांदाच ऐकलं. भिंतीला डोकं लावून ते असे रडले की मंदा कितीतरी दिवस स्वतःला बोल लावत राहिली. दुसऱ्या संध्याकाळी ते पुन्हा ओट्यावर, पुन्हा पुलाकडे कान. हे रोज सांगायचं कुणी? माणसाला रोज नव्यानं विधुर करायचं कुणी?

उपाय सापडला तो अपघातानं. आईच्या मागं गाडी अंगणात तशीच उभी होती. प्रकाशनं एका संध्याकाळी बॅटरी उतरू नये म्हणून गाडी बाहेर काढली, पुलापलीकडे एक फेरी मारली आणि परत आला. पुलावर त्यानं गिअर बदलला आणि इकडे आबांनी मान वर केली. "आली." ते उठले, हातपाय धुतले, पाटावर बसले आणि जेवायला लागले. आई कुठं आहे हे त्यांनी विचारलंच नाही. बॉनेट उघडून पाणी शिंपडायला मात्र विसरले नाहीत. आवाज आला की त्यांचं वाट बघणं संपायचं. त्या आवाजामागून माणूस येतं की नाही, इथवर त्यांची आठवण पोहोचतच नव्हती. तेव्हापासून प्रकाश रोज संध्याकाळी गॅरेज बंद करून आईची गाडी पुलावरून आणायचा. आपण बापाला फसवतोय, असं मी एकदा त्याला म्हटलं. तो म्हणाला, "ताई, मी फसवत नाय. मी जेवायला घालतोय."

तो हंगामही पोपटीचाच होता. पाणी सुटलेली एक रबरी नळी प्रकाशच्या लक्षात आली नाही आणि त्या संध्याकाळी गाडी पुलावरच उकळली. तिला तशीच रेटत त्यानं अंगणात आणली. बॉनेटमधून वाफ भसाभसा निघत होती. प्रकाश आतून गोणपाट आणायला धावला. तेवढ्यात आबा ओट्यावरून उतरले. मी तिथंच होते, पण पाठमोरी, शेंगा निवडत. मला नुसते शब्द ऐकू आले. "किती तापलीय गं. लांबून आली बिचारी. पानी द्या तिला." मी वळेपर्यंत त्यांनी विहिरीच्या पाण्याची अख्खी कळशी इंजिनावर रिकामी केली होती. शिंपडलं नाही. ओतलं. त्या भल्यामोठ्या फुसफुसाटात एक बारीकसा आवाज झाला, काचेचा पेला टेकवावा तसा. प्रकाश गोणपाट घेऊन दारातच उभा राहिला. त्याला तो आवाज कळला होता. आयुष्यभर लोकांना जे करू नका म्हणून सांगितलं, ते आबांनी मायेपोटी केलं होतं. त्या दिवशी ते पोटभर जेवले, कारण आवाज येऊन गेला होता.

इंजिनाच्या मुख्य लोखंडी ठोकळ्याला तडा गेला होता. प्रकाशनं वेल्डिंग करून पाहिलं, भेगा बुजवायचा मसाला भरून पाहिलं. तापलं की ते पुन्हा गळायचं. तसलं दुसरं इंजिन आपल्याकडे मिळणं अशक्यच होतं. इकडे संध्याकाळचं ताट परत जायला लागलं. सकाळी चहात बुडवून भाकरीचा तुकडा खायचे, तेवढ्यावरच सगळं चाललेलं. आम्ही काय काय केलं नाही! प्रकाशनं गॅरेजमधल्या निरनिराळ्या गाड्या पुलावरून आणून पाहिल्या. जुन्या गाडीचा हॉर्न काढून मोटारसायकलला लावला आणि तो पुलावर वाजवला. आबा म्हणाले, "हॉर्न तर कुनीबी वाजवील." सदरा त्यांच्या अंगावर मोठा दिसायला लागला होता.

मग प्रकाशनं ठरवलं, दुसरं इंजिन घालायचं. मागून चेपून भंगारात निघालेल्या एका छोट्या मोटारीचं चांगलं इंजिन त्याला मिळालं. ऐकायला सोपं वाटतं. पण एका गाडीतलं इंजिन दुसरीत जाऊन बसत नाही. इंजिनानं पाय टेकायची जागा निराळी, गिअरबॉक्सशी जुळणारी भोकं निराळी. प्रकाशनं जुने टेकू कापले, नवे वेल्ड केले, मध्ये जाड पत्र्याची तबकडी कातून घातली. बॉनेट लागेना म्हणून त्याला ठोकून टेंगूळ आणलं. जुनं इंजिन साखळीनं वर ओढून काढलं तेव्हा गाडीचं नाक एकदम उंच झालं आणि प्रकाश तोंड फिरवून बाहेर गेला. तडकलेलं इंजिन आम्ही भंगारात दिलं नाही. अंगणात फणसाखाली दोन ओंडक्यांवर ठेवलं.

खरी खटपट होती ती आवाजाची. तेव्हा आमच्या लक्षात आलं की त्या गाडीचा आवाज कुणाकडेच नाही. फोटो ढीगभर. आईचे गाडीत, गाडीशेजारी, गाडीवर हळदीकुंकू वाहताना. आवाज एकाही मोबाईलमध्ये नाही. रोज ऐकू येणारी गोष्ट साठवून ठेवायचं कुणाला सुचतं? प्रकाशकडे तो फक्त डोक्यात होता. तोच जुना सायलेन्सर लावायचा, पाइप तोडायचा, वाढवायचा, भोकं पाडायची, बुजवायची, आणि इंजिन चालू करून डोळे मिटून ऐकत बसायचं. मला बोलावून विचारायचा, "आता?" मला रंग कळतात हो, आवाज कळत नाहीत. मी म्हणायचे, "तोच तर आहे." तो मान हलवायचा आणि तोंडानं आवाज काढून दाखवायचा. ग्रीस लागलेल्या बनियनमधला पन्नाशीला टेकलेला माणूस, गाल फुगवून आईच्या गाडीचा आवाज काढतोय. मला हसू आलं. मी मनाशी म्हणत होते, तिचं सगळंच तर बदलत आलं. सीटा, दिवे, रंग, चाकं. तरी ती आईचीच गाडी राहिली. मग हा एक लोखंडाचा तुकडा बदलला तर काय बिघडलं?

गाडी तयार झाली त्या संध्याकाळी आम्ही मुद्दाम घरामागच्या खाचरात पोपटी लावली. आबांना त्यात रस वाटेल, भूक लागेल, असा मंदाचा विचार. आणि खरंच, धूर बघून ते खुर्चीतून उठून आले. काड्या सारख्या केल्या, तांब्या मागितला. मडक्यावर पाणी शिंपडलं, ऐकलं आणि म्हणाले, "थांबा रं, अजून बोलत नाय ती." जुने आबा क्षणभर परत आल्यासारखे वाटले. मंदानं माझा हात दाबला. ठरल्याप्रमाणे मी प्रकाशला फोन केला.

गाडी पुलावर आली. चढावर त्यानं गिअर बदलला, अगदी आईच्या जागी. आवाज पाण्यावरून आला. खरं सांगते, मला तर तो तिचाच वाटला. कधी नव्हे ती मी देवाचं नाव घेतलं आणि आबांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांनी मान वर केली. ऐकलं. नीट, पूर्ण ऐकलं. मग मंदाकडे वळून म्हणाले, "पावनं आलं वाटतं कुनीतरी. चा टाक गं."

प्रकाश गाडीतून उतरून खाचरात आला. त्याला काही विचारायची गरज पडली नाही. तरी तो म्हणाला, "आबा, गाडी आली."

"हां, आयकली. चांगली हाय. कुनाची रं?"

एवढे दिवस राबलेले हात प्रकाशनं पाठीमागं नेले.

पोपटी झाली. मडकं फोडलं, वाफ आली, पाल्याचा तो उग्र वास सगळीकडे पसरला. आबांनी सगळ्यांना शेंगा वाटल्या, एक अंडं आणि दोन बटाटे केळीच्या पानात बांधून बाजूला ठेवले आणि म्हणाले, "हे तिचं." आम्ही म्हटलं, आबा, तुम्ही घ्या ना थोडं. "तुमी खावून घ्या. आमी बसू मागून." मग ते तांब्या घेऊन अंगणात गेले. नव्या इंजिनाकडे त्यांनी पाहिलंही नाही. फणसाखाली गेले, तडकलेल्या इंजिनासमोर वाकले, बोटं ओली केली आणि पाणी शिंपडलं. कान जवळ नेला. काहीच झालं नाही. त्यांनी पुन्हा शिंपडलं. लोखंडावर थेंब तसेच बसून राहिले. आबा सरळ झाले आणि आमच्याकडे बघून, आपणच आमची समजूत घालावी अशा आवाजात म्हणाले, "गार हाय. म्हंजी अजून निघालीच नाय ती."

त्यानंतर पाऊस लागायच्या आत आबा गेले. डॉक्टरांनी वय सांगितलं, अशक्तपणा सांगितला. ते खरंच असणार. पण मला विचाराल तर माझे वडील वाट बघून गेले.

परवा ती जुडी घेऊन मी तशीच गावी गेले. प्रकाश अजून तीच गाडी चालवतो, मंदाला बाजाराला नेतो. शेजारच्या पोरांना तिचा हाच आवाज ठाऊक आहे आणि त्यांच्या लेखी तोच खरा. आम्ही खाचरात मडकं लावलं. पाणी शिंपडायला कुणीच पुढं होईना, म्हणून मी शिंपडलं. चुर्र झालं. तेवढा आवाज मला कळतो. मंदा मडकं काढायला लागली तशी मी तांब्या घेऊन फणसाखाली गेले. इंजिन आता गंजून फणसाच्या सालीच्या रंगाचं झालंय. मी बोटं ओली केली, शिंपडलं आणि कान लावला. काय ऐकायला वाकले होते कोण जाणे. सरळ झाले तर प्रकाश शेजारी उभा होता. माझ्या हातातून त्यानं तांब्या घेतला आणि त्यानंही शिंपडलं.

मंदानं खाचरातून हाक मारली, या की, गार होतंय सगळं.

"तू खावून घे," प्रकाश पुलाकडे बघत म्हणाला. "आमी बसू मागून."